संगणकांची पंचायत

रेल्वेचे तिकीट काढताना पलीकडे एखादा संगणक आपली मागणी नोंदवून घेत असेल, अशी आपली समजूत असते. परंतु तेथे खरोखरच एकच संगणक असता, तर तो बंद पडताच सारा व्यवहार खोळंबला असता. म्हणून महत्त्वाचे काम अनेक संगणकांच्या समूहाकडे सोपवितात. सेवा पुरविणाऱ्या अशा संगणकास सर्व्हर व त्यांच्या समूहास क्लस्टर म्हणतात. वर्षातील शेकडा ९९.९ काळ चालणारी सेवा पावणेनऊ तास बंद राहू शकते, शेकडा ९९.९९९ काळ चालणारी मात्र अवघी सव्वापाच मिनिटे.

केवळ यंत्रे वाढविल्याने हे साधते काय? समजा, दोन सर्व्हर आहेत व त्यांना जोडणारी तार तुटली. प्रत्येकास वाटणार, दुसरा बंद पडला. मग दोघेही स्वतंत्रपणे कारभार हाकू लागतील आणि एकच आसन दोघा प्रवाशांना विकले जाईल! यावर उपाय आपल्या ओळखीचाच आहे, तो म्हणजे बहुमत. तीन सर्व्हरांपैकी दोघांची संमती असेल तरच नोंद पक्की समजावयाची. एकटा पडलेला सर्व्हर गप्प बसतो. तीन असता एक, पाच असता दोन बंद पडले तरी काम चालते. चारांचे बहुमत तीन असल्याने चौथ्याने सुरक्षितता वाढत नाही. म्हणून विषम संख्या पसंत करतात.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हा विचार पॅक्सॉस या ग्रीक बेटावरील काल्पनिक विधिमंडळाच्या रूपकाने मांडला. २०१४ साली ऑंगारो व ऑस्टरहाउट यांनी ‘राफ्ट’ नावाची समजण्यास सोपी पद्धत दिली.

आता देखभालीकडे वळू. दुरुस्तीसाठी सर्व्हर एका वेळी एकच बाहेर काढावयाचा. तो समूहाचा नायक असेल, तर नायकपण आधी दुसऱ्याकडे द्यावयाचे. परत आल्यावर मधल्या काळातील सर्व नोंदी त्याने उतरवून घेतल्या की नाही, हे पाहिल्यावाचून पुढच्यास हात लावू नये. घाई केली, तर बहुमतच उरत नाही.

याहून नाजूक काम सभासदसंख्या बदलण्याचे. तिघांचे पाच करावयाचे आहेत; पण नवी यादी सर्वांना एकाच क्षणी पोहोचत नाही. जुनी यादी मानणारे दोघे ‘तिघांत आम्ही बहुमत’ म्हणतील, तर नवी मानणारे उरलेले तिघे ‘पाचांत आम्ही’ म्हणतील. अशा रीतीने दोन सत्ता उभ्या राहतील! म्हणून राफ्टमध्ये एकेक सभासद घेतात; किंवा संक्रमणकाळात जुन्या व नव्या अशा दोन्ही याद्यांचे बहुमत आवश्यक मानतात.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या संस्थेत घडलेली घटना या दृष्टीने बोधप्रद आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुरुस्ती चालू असता जोडणी केवळ ४३ सेकंद तुटली. देखरेख करणाऱ्या सर्व्हरांनी बहुमताने कारभार पश्चिम किनाऱ्याकडे नेला. पण पूर्वेकडील शेवटच्या काही नोंदी पश्चिमेस पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेस नव्या नोंदी सुरू झाल्या. दोन्ही वह्या अपुऱ्या! कोणाची नोंद गहाळ होऊ नये म्हणून संस्थेने घाई टाळली. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. नायक बहुमताने निवडला, पण प्रत्येक नोंद बहुमताने पक्की झालेली नव्हती, हे यातील मर्म होय.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र कधी ना कधी बिघडणारच, हे गृहीत धरूनच क्लस्टर बांधतात. त्याचे खरे बळ यंत्रांच्या संख्येत नसून, सर्वांनी पाळलेल्या एका नियमात आणि तो नियम बदलतानाही न सोडलेल्या शिस्तीत असते.