रोहणा परिसरातील ग्रामीण आरोग्यसेवा आणि तातडीच्या वैद्यकीय मनुष्यबळाचा प्रश्न

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे गाव पुलगाव-आर्वी मार्गावर वसलेले आहे. १९१७ मध्ये सुरू झालेल्या पुलगाव-आर्वी या ३५ किलोमीटरच्या नॅरोगेज रेल्वेमार्गावर रोहणा हे एक स्थानक होते. ती गाडी आता इतिहासजमा झाली असून परिसरातील सर्व वाहतूक रस्त्यावर अवलंबून आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही येथील मुख्य पिके. शेतकरी, शेतमजूर आणि लहान व्यावसायिक यांची ही वस्ती विदर्भातील इतर शेकडो गावांहून फारशी निराळी नाही आणि म्हणूनच ग्रामीण आरोग्यसेवेच्या अभ्यासासाठी ती विचारात घेण्याजोगी आहे.

ग्रामीण आरोग्याची चर्चा सामान्यतः इमारती, खाटा व रिक्त पदे यांच्या आकड्यांभोवती फिरते. हे आकडे महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु रात्री दोन वाजता साप चावलेल्या मजुराच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा असतो. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंतच्या तास-दीड तासात त्याच्याजवळ कोण असेल आणि त्या व्यक्तीला नेमके काय करता येत असेल, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

जिल्ह्यातील आरोग्यव्यवस्थेची ठेवण

वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत वर्धा जिल्हा भाग्यवान म्हणावा लागेल. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. ग्रामीण भागात स्थापन झालेले देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाते. १९९० मध्ये सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख लोकसंख्या असलेल्या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये असणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ही दोन्ही महाविद्यालये वर्धा शहराच्या अगदी निकट आहेत, तसेच जिल्हा सामान्य रुग्णालयही शहरातच आहे. जिल्ह्याच्या वायव्येकडील आर्वी तालुक्यातील गावांना हे सारे वैभव अंतराच्या पलीकडचे ठरते.

सेवाग्रामने हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न फार पूर्वीपासून केले आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नव्या तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे, तेथे मुक्काम करून कुटुंबांचा अभ्यास करावा, ही प्रथा तेथे रुजली. कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून सुगीच्या वेळी ज्वारी घेऊन त्या बदल्यात उपचारात सवलत देणारी आरोग्यविमा योजना राबविली. रोख पैसा नसलेल्या माणसाला धान्याच्या रूपाने विम्याचा हप्ता भरता येतो, ही कल्पना आजच्या विमा योजनांच्या गदारोळातही पुन्हा वाचण्यासारखी आहे.

रोहणा येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पुढचा टप्पा आर्वीचे उपजिल्हा रुग्णालय आणि त्यापुढे वर्धा, सेवाग्राम अथवा सावंगी. मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र आणि ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे सर्वपरिचित प्रमाण आहे. १९४६ च्या भोर समितीपासून विकसित झालेली ही रचना लसीकरण, माताबाल संगोपन व साथरोग नियंत्रण यांसाठी उत्तम होती. तातडीचा उपचार हा तिचा गाभा कधीच नव्हता. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा स्वयंसेविका दिल्या, संस्थात्मक प्रसूतींना चालना दिली. तरीही तज्ज्ञ डॉक्टरांची उणीव भरून निघाली नाही. देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के कमी असल्याचे केंद्र शासनाच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीतून दिसून आले. तेव्हा तज्ज्ञ येईल आणि मग उपचार होतील, असे गृहीत धरून चालणे व्यवहार्य नाही.

पहिला तास : दोन उदाहरणे

मण्याराचा दंश हे या संदर्भातील सर्वांत बोलके उदाहरण आहे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावतो. दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही, सूज नसते, वेदना नसते. पहाटे पोटात दुखू लागते, घसा आवळल्यासारखा वाटतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरातील माणसे अपचन समजून ओवा देतात किंवा मांत्रिकाकडे नेतात. यानंतर श्वसनाचे स्नायू लुळे पडत जातात. महत्त्वाची गोष्ट अशी की, अशा रुग्णाचे हृदय चालू असते, मेंदू शाबूत असतो. केवळ श्वास थांबलेला असतो. त्याला अंबू बॅगेने कृत्रिम श्वास देत राहिल्यास तो व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचतो आणि पुष्कळदा पूर्ण बरा होऊन घरी जातो. बॅग दाबणारा हात वाटेतच थांबला, तर सेवाग्रामचे अतिदक्षता कक्ष त्याच्या उपयोगी पडत नाहीत.

सर्पविषरोधी औषध देणे हे प्राथमिक केंद्राचे काम आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर ते बनविलेले असून विषबाधेची लक्षणे दिसताच साधारणतः १० कुप्यांनी प्रारंभ केला जातो. औषध देताना तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते आणि त्यासाठी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन भरून हाताशी ठेवावे लागते. या प्रतिक्रियेच्या भीतीनेच औषध उपलब्ध असूनही रुग्णास पुढे पाठविले जाण्याची प्रवृत्ती ग्रामीण भागात आढळते. घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्यासाठी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवायचे आणि मग नळी कलती करून पाहायचे, एवढीच चाचणी पुरेशी असते. तिला प्रयोगशाळा लागत नाही, सराव मात्र लागतो. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासंबंधी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले आहे. हे लक्ष्य रोहण्यासारख्या केंद्रांतच साध्य होईल अथवा फसेल.

दुसरे उदाहरण कीटकनाशकांच्या विषबाधेचे. २०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांच्या विषबाधेत डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, घाम व लाळ वाहू लागते, छातीत पाणी साचल्यासारखी घरघर ऐकू येते. यावर ॲट्रोपिन हे जुने आणि स्वस्त औषध आहे. पण त्याचे प्रमाण सामान्य अनुभवाच्या बाहेरचे असते. समजा, प्रारंभी ३ मिलिग्रॅम दिले आणि छाती मोकळी न झाल्यामुळे दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत ६ व मग १२ मिलिग्रॅम दिले, तर अवघ्या तीन मात्रांत २१ मिलिग्रॅम औषध लागले. नेहमीच्या ०.६ मिलिग्रॅमच्या कुपीत हिशेब केल्यास ३५ कुप्या झाल्या. औषधसाठ्याच्या नोंदवहीत '२० कुप्या शिल्लक' हा आकडा समाधानकारक दिसतो. प्रत्यक्षात तो एका रुग्णाच्या पहिल्या पाव तासालाही पुरत नाही. शिवाय एवढ्या कुप्या फोडून भराभर देण्यासाठी किमान दोन प्रशिक्षित माणसे लागतात.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, हृदयविकाराचा झटका, रस्त्यावरील अपघात यांबाबतही असेच म्हणता येईल. समृद्धी महामार्ग आर्वी तालुक्यातून जाऊ लागल्यापासून शेवटच्या प्रकाराचे गांभीर्य वाढले आहे. सामूहिक दुर्घटनेची शक्यताही काल्पनिक नाही. ३१ मे २०१६ च्या रात्री पुलगावच्या दारूगोळा भांडारास लागलेल्या आगीत पंधराहून अधिक जणांनी प्राण गमावले आणि अनेक जखमींवर सावंगीच्या रुग्णालयात उपचार करावे लागले.

रुग्णवाहिका आणि तिच्यातील माणूस

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. प्रारंभी ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या, तर ७०४ प्राथमिक सुविधांच्या होत्या. इतर अनेक राज्यांनी रुग्णवाहिकेवर प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमले, महाराष्ट्राने मात्र डॉक्टर नेमण्याचे धोरण स्वीकारले. त्यात आयुर्वेद पदवीधरांचे प्रमाण मोठे राहिले. या धोरणामुळे रुग्णाच्या नातेवाइकांना दिलासा मिळाला हे खरे. परंतु पदवी आणि कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याने धावत्या गाडीत श्वासनलिका मोकळी ठेवण्याचा, रक्तस्राव दाबून धरण्याचा शेकडो वेळा सराव केला आहे, असा तंत्रज्ञ त्या प्रसंगी अननुभवी डॉक्टरपेक्षा अधिक उपयोगी ठरू शकतो. आपल्या समाजाला हे मान्य करणे जड जाते.

या दृष्टीने अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराचा दाखला उद्बोधक आहे. तेथे १९६७ मध्ये 'फ्रीडम हाउस' रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीतील बेरोजगार तरुणांना सुमारे ३०० तासांचे सखोल प्रशिक्षण देण्यात आले. त्याची आखणी करणारे डॉ. पीटर सफार हे हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन पद्धतीच्या जनकांपैकी एक होत. त्या तरुणांच्या कामातून आधुनिक पॅरामेडिक या व्यवसायाचा पाया घातला गेला. १९७५ मध्ये महापालिकेने ती सेवा बंद करून स्वतःची यंत्रणा उभारली, तेव्हा त्या तरुणांपैकी फार थोड्यांना तेथे टिकता आले, हेही नोंदविले पाहिजे.

आपल्याकडे याहून जवळचा पुरावा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना गुदमरलेल्या नवजात बालकास श्वास देण्याचे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्याचे शिक्षण दिले. त्यामुळे नवजात मृत्यूंत झालेली मोठी घट १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे हीच पद्धत आशा स्वयंसेविकांच्या कामाचा भाग बनली. काम मर्यादित असावे, सराव अखंड असावा आणि देखरेख विश्वासाची असावी, या तिन्ही अटी तेथे पाळल्या गेल्या होत्या. एकदाच दोन दिवसांचे शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटण्याच्या आपल्या प्रशासकीय सवयीत नेमके हेच हरवते.

स्थानिक मनुष्यबळाची दिशा

राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा २०२१ मध्ये संमत झाल्याने आपत्कालीन तंत्रज्ञांना व्यावसायिक मान्यतेचा मार्ग मोकळा झाला. आर्वी, पुलगाव परिसरातील विज्ञान शाखेच्या पदवीधरांसाठी ही संधी आहे. पण कंत्राटी, अल्प वेतनाच्या नोकरीत अनुभवी माणूस टिकत नाही आणि तो गेला की शासनाने त्याच्यावर केलेला खर्चही जातो. प्राथमिक केंद्रातील परिचारिकांना दरवर्षी पंधरा दिवस वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात काम करू दिले आणि तेथील निवासी डॉक्टरांना तेवढेच दिवस रोहण्यासारख्या केंद्रात पाठविले, तर दोघांचेही शिक्षण होईल. यासाठी नवी इमारत लागत नाही. दोन खात्यांचा समन्वय लागतो, आणि तोच आपल्याकडे दुर्मीळ आहे.

अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती गावोगावी आजही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या १३४-अ या कलमाने अशा मदतकर्त्यास संरक्षण दिले आहे, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. राष्ट्रीय सेवा योजनेची विशेष शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. त्या वेळी प्रथमोपचाराची प्रात्यक्षिके दाखविली जातात, ती चांगलीच असतात. परंतु सर्पदंश व फवारणीतील विषबाधा यांचा हंगाम जून ते ऑक्टोबर असा असतो. मृगाच्या पेरणीपूर्वी, मे अखेरीस, त्याच दत्तक गावांत दोन दिवस देऊन गावकऱ्यांना मण्याराच्या दंशाची लक्षणे, बाधित माणसाला कुशीवर निजविण्याची रीत आणि विषाने भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुण्याची पद्धत शिकविता येईल. महाविद्यालयास त्या दिवसांत सुटी असते, ही एकच अडचण यात आहे.