हलकी भूल, भारी धोका

कोल्हापुरात आज सगळे ज्याला सीपीआर म्हणतात, ते मूळचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८०च्या दशकात ते उभं राहिलं तेव्हा भूल म्हटलं की क्लोरोफॉर्मच डोळ्यांसमोर यायचा. बहुतेक रुग्ण सुखरूप जागे होत. एखादा मात्र टेबलावरच जाई, आणि तोही पुष्कळदा किरकोळ शस्त्रक्रियेत. १८४८ साली इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना अशीच दगावली होती.

क्लोरोफॉर्मने आधी काय थांबतं, श्वास की हृदय? हा वाद मिटवायला निजामाने तिजोरी उघडली. ब्रिटिश शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निकाल लागला: आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासावर नजर ठेवा. माझ्या मते हा निकाल चुकीचा म्हणण्यापेक्षा अर्धवट होता. मात्रा वाढवत नेली की श्वास आधी थांबतो, हे खरंच. पण हॅनाला मात्रा कुठे जास्त झाली होती?

उत्तर १९११ साली ब्रिटिश डॉक्टर गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दिलं. भूल अर्धवट असताना ॲड्रेनॅलिन टोचलं, की हृदयाचे खालचे कप्पे ठोके सोडून नुसते थरथरू लागत. खोल भुलेत हा धोका कमी. घाबरलेल्या माणसाच्या रक्तात तर ॲड्रेनॅलिन आपसूकच चढलेलं असतं.

हृदयाचा ठोका ही विजेची लाट असते. पेशींच्या पडद्यातल्या सूक्ष्म वाटांतून सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियमचे भारित कण ये-जा करतात, त्यातून ती उठते. भुलेची वाफ या वाटा थोड्या थोड्या अडवते. लाट मंदावते, पेशींना पुन्हा सज्ज व्हायला कमी-जास्त वेळ लागतो. त्यात ॲड्रेनॅलिनने अवेळी ठोके उठवले, की लाट पुढे सरकण्याऐवजी गोल फिरत राहते.

१९५६ पासून वापरात आलेल्या हॅलोथेन या भुलेच्या औषधातही ही खोड होती. म्हणूनच रक्तस्राव कमी करायला सर्जन ॲड्रेनॅलिन टोचू लागले, की भूलतज्ज्ञ आधी ‘किती?’ विचारत. नंतरच्या आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन या औषधांत ही खोड बरीच कमी. मात्र सेव्होफ्लुरेनने ईसीजीवरचं ‘क्यूटी’ अंतर, म्हणजे खालचे कप्पे विजेने उत्तेजित होऊन पूर्ववत होईपर्यंतचा वेळ, लांबतं. निरोगी माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही. हे अंतर जन्मतःच लांब असलेल्याला होऊ शकतो. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ ‘कधी अचानक चक्कर येऊन पडलात का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का’ असं विचारतात, त्यामागे हेही एक कारण असतं.