उतरत्या ओझ्यातली वीज

गड चढताना धाप लागते. पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या मुख्यतः गड उतरल्यामुळे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, म्हणजे ब्रेकचे काम करतात. त्यात त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. चढताना खर्च झालेली ऊर्जा मात्र परत मिळत नाही. उतरताना ती बहुतेक उष्णतेच्या रूपाने निघून जाते.

क्रेनला मात्र ती परत मिळवता येते. ३० टनांचा कंटेनर १५ मीटर खाली आणताना सुमारे सव्वा युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. तिला वाट करून दिली नाही, तर कंटेनर वेगाने खाली कोसळेल.

कंटेनर उतरताना त्याच्या ओढीने तारेचा ड्रम फिरतो आणि ड्रमला जोडलेली मोटरही फिरते. अशा वेळी मोटर वीज घेण्याऐवजी तयार करू लागते आणि त्याच वेळी ड्रमच्या वेगाला आवर घालते. जुन्या पद्धतीत ही वीज रेझिस्टरमध्ये उष्णता करून वाया घालवली जाते. ‘रिजनरेटिव्ह ब्रेकिंग’मध्ये ती पुन्हा वीजवाहिनीत सोडतात किंवा बॅटरीत साठवून पुढचा कंटेनर उचलायला वापरतात. एका खेपेत पाऊण युनिट जरी वाचला, तरी १० वॉटचा दिवा ७५ तास जळेल.

प्रश्न केवळ वीजबिलाचा नाही. बंदरांच्या आवारातल्या टायरवर चालणाऱ्या अनेक क्रेन डिझेल जनरेटरवर चालतात. डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. साठवलेली ऊर्जा मदतीला आली, की डिझेल कमी जळते आणि तिथे राबणाऱ्या कामगारांच्या श्वासात जाणारा धूरही घटतो.

मात्र, या ब्रेकच्या भरवशावर भार लटकत ठेवता येत नाही. वीज गेली, की तोही निकामी होऊ शकतो. म्हणून क्रेनला स्प्रिंगचा यांत्रिक ब्रेक असतोच. वीज त्याला मोकळा ठेवते. ती जाताच स्प्रिंग त्याला घट्ट आवळते. वेग आवरण्याचे काम मोटर करत असल्याने तो फारसा झिजत नाही. पण झिजत नाही म्हणून त्याची तपासणी टाळणे जिवावर बेतू शकते. ऐनवेळी भार तोलणारा तोच असतो.