पीएच दोनचं हजार लिटर पाणी

भोसरी-चाकण पट्ट्यातला साधा बोल्टसुद्धा प्लेटिंगला जाण्याआधी आम्लात डुबकी मारून येतो. लोखंडावरचा गंज काढणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा हा हौद म्हणजे पिकलिंग. तिथून निघालेला जॉब पाण्यात खंगाळतात आणि ते पाणी हळूहळू आंबट होत जातं. ते तसंच नाल्यात सोडता येत नाही. प्लेटिंगच्या सांडपाण्याचा पीएच 6 ते 9 मध्ये बसावा लागतो.

समजा, टाकीत पीएच 2 चं हजार लिटर पाणी साठलं आहे. दोनाचे सहा करायचे, म्हणजे चारचाच फरक. थोडं साधं पाणी ओतलं की झालं!

इथेच हिशेब फसतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, बिअरवाल्यांच्याच) सोरेन्सन यांनी 1909 साली पीएचची ही पट्टी आखली, ती घातांकांची. लिटरमागे हायड्रोजन आयन 0.01 मोल, म्हणजे दहाचा उणे दुसरा घात. त्यातला उणे काढला की पीएच 2. पट्टीवर एक घर सरकलं की आम्लता दहापट बदलते. चार घरं म्हणजे दहा हजार पट. नुसतं पाणी ओतून सहावर यायचं तर हजार लिटरचे एक कोटी लिटर करावे लागतील, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास हजार टँकर.

कॉस्टिक सोडा मात्र तेच काम 400 ग्रॅममध्ये करतो. हजार लिटरमध्ये आयन 10 मोल आणि कॉस्टिकचा एक मोल 40 ग्रॅमचा. गंमत पुढे आहे. दोनावरून तीनवर यायलाच 360 ग्रॅम खर्ची पडतात, तीनवरून चारला 36, चारवरून पाचला जेमतेम साडेतीन. आणि हात सैल सुटून चार ग्रॅम जास्त पडले, तर शुद्ध पाण्याच्या हिशेबाने पीएच थेट 10! प्रत्यक्षात पाण्यात विरघळलेलं लोखंड आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही कॉस्टिक खातात, त्यामुळे काटा इतका उडत नाही. तरी शेवटचा डोस थेंबाथेंबानेच द्यायचा असतो.

क्रोम प्लेटिंगचं सांडपाणी मात्र वेगळ्याच टाकीत घेतात. त्याला उलट मुद्दाम दोन-तीनच्या पीएचवर ठेवावं लागतं, कारण त्यात घालतात त्या मेटाबायसल्फाइट या रसायनाचं काम आंबट पाण्यातच झटपट होतं. त्याने पिवळं, विषारी क्रोमियम हिरवं होतं. मग पीएच आठ-नऊपर्यंत चढवला की ते गाळ होऊन तळाशी बसतं.

पेनिसिलिनलाही असाच आंबटपणा लागतो. पिंपरीत 1954 साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची ओळख याच औषधाने झाली. ते वेगळं काढण्याच्या रूढ पद्धतीत द्रावणाचा पीएच दोन-अडीचवर उतरवतात, तेव्हा पेनिसिलिन पाणी सोडून सॉल्व्हंटमध्ये जातं. पण तेवढ्या आम्लात ते टिकतही नाही. म्हणून सगळं थंड ठेवून, झटपट उरकून त्याला सातच्या आसपासच्या पाण्यात परत आणतात.