चाळणीवर राहिलेला दाणा

आमच्या चांदूर बाजाराकडे सुनेला दिवस गेले की घरातली वडीलधारी बाई हमखास म्हणते, ‘आत्ताच कायले सांगतं? पाचवा लागू दे, मंग जाऊ डाक्टरकडे.’ दृष्ट लागू नये, ही त्यामागची माया. पण बाळातलं जन्मजात व्यंग शोधणाऱ्या तपासण्या पाचव्या महिन्याची वाट पाहत नाहीत.

पहिली तपासणी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होते. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजतात आणि आईचं रक्त तपासतात. या रक्ततपासणीला ‘डबल मार्कर’ म्हणतात. डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषाची शक्यता किती, हे त्यावरून कळतं. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदय, मेंदू, पाठीचा कणा, मूत्रपिंडं नीट पाहतात.

ही तपासणी म्हणजे चाळणी. चाळणीवर राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो. एखादा बारीक खडा खालीही निसटतो. ‘धोका २५० मध्ये १’ असा कागद हाती आला की घरात रडारड सुरू होते. खरं तर असा कागद मिळालेल्या २५० जणींपैकी २४९ जणींच्या बाळांत तो दोष नसतो. खात्रीसाठी पुढे सुपात घेऊन निवडावं लागतं. ते काम गर्भजल तपासणी करते. ती साधारण १५ आठवड्यांनंतर होते. तीत गर्भपाताचा थोडा धोका असतो, म्हणून ती सरसकट करत नाहीत.

आपल्या विदर्भात सिकलसेलचा विचार आधी हवा. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. दोघांचं रक्त लग्नाआधीच तपासलं तर उत्तम. आमच्यात चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात, इतरांत मामाची मुलगी करतात. अशा घरांनी तर ते टाळूच नये.

उशिराची किंमत मुंबईच्या एका दांपत्याने २००८ साली मोजली. बाळाच्या हृदयातला दोष कळला तेव्हा २० आठवड्यांची कायदेशीर मुदत उलटली होती. डॉ. निखिल दातार यांच्यासह ते उच्च न्यायालयात गेले; परवानगी मिळाली नाही. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. पण करावाच असं नाही. दोष आधी कळला, तर मोठ्या रुग्णालयात बाळंतपण आणि लगेच शस्त्रक्रिया, अशी तयारीही करता येते. निर्णय त्या बाईचा, सासरचा नव्हे.

एक प्रश्न मात्र डॉक्टरांना विचारूच नये: मुलगा की मुलगी? गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला.

दृष्ट काढायची तर जरूर काढा. पण तिसऱ्या महिन्यात सुनेला डॉक्टरकडे नेऊन आणा, आणि मग काढा.