साठ पानांचा संसार

आमच्या घराण्याने पत्त्यांना कधी वाईट मानले नाही. मेहरूणच्या आमच्या घरात दर उन्हाळ्याच्या दुपारी वडिलांचा मेंढीकोटाचा डाव बसे. बाहेर जळगावचे ऊन रस्ता भाजून काढीत असे आणि आत चटईवर चार म्हातारे हुकूम कुणी दाबून ठेवला यावरून भांडत असत. त्यामुळे चिरंजीवांनी गेल्या वर्षी “बाबा, मला पत्त्यांच्या स्पर्धेला पुण्याला जायचंय” असे जाहीर केले, तेव्हा मी मुळीच दचकलो नाही. दचकलो तो पत्ते पाहिल्यावर.

त्यांत ना राजा, ना राणी, ना गुलाम! कुठे शेपटीला ज्वाला लावलेला सरडा, कुठे पाठीवर कळी उगवलेला बेडूक. पोकेमॉन म्हणतात त्या मंडळींचा हा खेळ जपानात 1996 साली निघाला. पण त्याच्या मुळाशी असलेली कल्पना त्याआधी तीन वर्षांची, अमेरिकेतल्या रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाची. त्याने ‘मॅजिक’ नावाचा खेळ काढला आणि पत्त्यांच्या जुन्या कुळधर्मालाच हात घातला. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण 120. ती सर्वांची मिळून एक असते. पिसा, वाटा, खेळा. इथे मात्र प्रत्येक खेळाडू आपला कॅट आपणच जमवून, रचून घरून घेऊन येतो. म्हणजे अर्धा डाव स्पर्धेच्या आधी, घरच्या टेबलावरच खेळून झालेला असतो. या स्वतः रचलेल्या कॅटाला मुले ‘डेक’ म्हणतात.

नियम ऐकायला सोपे आहेत. पाने बरोबर साठ; एकसष्ट नाहीत, एकोणसाठही नाहीत. एका नावाची पाने चारपेक्षा जास्त नकोत; फक्त मूळ ऊर्जेच्या पानांना ही अट नाही. सुरुवातीला हातात सात पाने घ्यायची आणि सहा पाने बक्षिसे म्हणून पालथी मांडायची. समोरच्याचा प्राणी गारद केला की आपले एक बक्षीस उचलायचे. जबर प्राण्याला दोन-तीनही मिळतात. सहाही उचलली की जिंकलात. ऊर्जा एका पाळीत एकदाच लावायची. शिवाय मदतनिसांची पाने असतात, तीही पाळीला एकच. त्यांत एक प्राध्यापक आहेत! ते पान खेळले की हातातले सगळे टाकून द्यायचे आणि नवी सात उचलायची. “प्राध्यापक आले की हातात होतं ते सगळं जातं,” असे चिरंजीवांनी आईला समजावून सांगितले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रात तोंड घातले.

पहिला डेक त्याने एका संध्याकाळी रचला. जवळ होते नव्हते तेवढे सगळे बलाढ्य प्राणी त्यात कोंबले, प्रत्येकी एक. प्रतिस्पर्धी म्हणून मला बसवले. माझ्याकडे होत्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्या कापून, त्यांवर नावे लिहून केलेल्या चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्यांनी त्याच्या महारथींना पाच डावांत पाचदा लोळवले. कारण असे की त्याचा लाडका चारिझार्ड थेट मैदानात उतरू शकत नाही. आधी चारमँडर हवा, मग त्याचा चारमेलियन, मग चारिझार्ड. आणि मांडलेल्याच पाळीत वाढ होत नाही. बाळ नसताना बापाचे पान हातात येऊन काय उपयोग?

मी कविता शिकवणारा माणूस. म्हणून कॉलेजच्या स्टाफरूममध्ये गणिताच्या सहकाऱ्यांना गाठले. त्यांनी वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडेमोड केली. साठांत एखादे पान एकच असेल, तर ते पहिल्या सातांत येण्याची शक्यता शंभरात बारासुद्धा नाही. चार असतील तर चाळीस. एकुलते पान सहा बक्षिसांत अडकण्याचा धोका दहांत एक. आणि सुरुवात करू शकतील असे मूळ प्राणी आठच ठेवले, तर तीनांतला एक हात फुकट. बारा ठेवले तर पाचांतला एक. हात फुकट गेला की तो समोरच्याला दाखवून पुन्हा पिसायचा, आणि वर त्याला एक पान जास्त उचलू द्यायचे. सहकाऱ्यांनी विचारले, “कशासाठी हवं आहे हे?” मी “घरगुती कामासाठी” म्हणालो.

त्या रात्रीपासून आमच्याकडे वगळण्याचे काम सुरू झाले. क्रमिक पुस्तकासाठी वेचे निवडताना मी हे दुःख भोगलेले आहे. चांगले पुष्कळ असते, पाने मोजकी. प्रत्येक पानाला चिरंजीव एकच प्रश्न विचारू लागला: “तू नसलास तर काय अडेल?” शेवटी सतरा प्राणी (त्यांतले मूळ बारा), आठ ऊर्जा आणि पस्तीस मदतीची पाने, असा संसार जमला. तेवढ्यात अडचण आली ती भलत्याच बाजूने.

स्पर्धेत खरीच पाने चालतात. शिवाय पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर असते. जुन्या अक्षरांची पाने काही काळाने नेहमीच्या स्पर्धेतून बाद होतात. हे वाचून मी त्याचा पत्र्याचा डबा काढून बसलो. एक पान दिव्यासमोर धरले तर उजेड आरपार. पाठीचा निळा रंग फिका. एकावर तर प्राण्याच्या नावाचे स्पेलिंगच चुकलेले. डब्यातली बहुतेक पाने नकली होती, आणि ती आणली होती माझ्या वडिलांनी. दर रविवारी तलावावर फेरी मारून येताना ते कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा रुपयांचे पाकीट आणीत. थंडीत खिशात मेहरूणची बोरे आणि पाकीट, दोन्ही. शेवटच्या पाकिटातून सोनेरी, प्लॅस्टिकचा चारिझार्ड निघाला होता. त्यानंतरच्या पावसाळ्यात वडील गेले.

मुलाला हे कसे सांगावे या विवंचनेत मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी धीर करून डबा पुढे ठेवला.

“नकली आहेत,” तो म्हणाला. “मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या पाकिटापासून. पण आजोबांचा गुडघा दुखायचा, तरी ते चालत जायचे ना.”

मी डब्याचे झाकण लावले. मग त्याच्या वाढदिवसाचे पैसे आणि माझी थोडी भर घालून आम्ही खरी पाने मागवली. पाकिटांची लॉटरी न खेळता, हवी ती सुटी. शहाणपणाचा मार्ग हाच, असे अनुभवाने सांगतो. सर्व पानांना एकसारखी नवी वेष्टणे घातली, कारण एखादे जरी ओरखडलेले असले तरी ते खुणेचे पान ठरते. आणि साठही पानांची यादी त्याने सुवाच्य अक्षरात लिहून काढली. त्याची मराठीची वही मी कधी इतकी नीट पाहिलेली नाही.

रात्रीच्या बसने पुणे गाठले. एका दुकानाच्या माडीवर लांबलचक टेबले, आणि त्यांवर शाळकरी पोरांपासून दाढीवाल्या नोकरदारांपर्यंत सगळे. एरवी वयाचे तीन गट असतात. पण माणसे थोडी म्हणून इथे एकत्रच खेळवले. पद्धत बुद्धिबळातली, स्विस. हरला म्हणून कुणी घरी जात नाही. बरोबरीचे गुण असलेल्यांशी पुढची गाठ पडते. पंचांनी डेक तपासला, आणि डबीच्या तळाशी एकसष्टावे पान सापडले. सोनेरी.

“हे खेळायचं नाही,” चिरंजीव घाईने म्हणाला. “आजोबांचं आहे.”

पंच तरुण होते. त्यांनी पान उलटसुलट पाहिले आणि माझ्या हातात दिले. “डबीत नको. तुम्ही ठेवा, काका.” मी ते सदऱ्याच्या खिशात घातले.

पहिल्या फेरीत त्याच्या हाती एकच मूळ प्राणी आला, तो दुसऱ्याच पाळीत पडला आणि मागे कुणी नसल्याने डाव तिथेच संपला. दुसरीत चारिझार्ड दिमाखात उभा राहिला, पण ऊर्जा काही येईना. शेवटपर्यंत तो नुसता उभाच. मी भिंतीकडे पाहत होतो. तिसऱ्या फेरीत समोर दाढीवाला गृहस्थ. प्राध्यापकांचे पान हातात धरून मुलगा बराच वेळ थांबला; हातात दोन चांगली पाने होती. मग त्याने सगळी टाकली. नव्या सातांत त्याला हवी ती ऊर्जा आली. सहावे बक्षीस उचलताना त्याचे कान लाल झाले होते. गृहस्थांनी हात पुढे केला, म्हणाले, “छान खेळलास.” चौथी फेरी हरला.

परतीच्या बसमध्ये तो झोपेल असे वाटले होते. पण मोबाइलच्या उजेडात तो यादीच पाहत होता. पहाटे जळगावला उतरलो, रिक्षा केली. तलावाजवळून जाताना त्याने विचारले, “बाबा, ऊर्जा दोनने वाढवायला हवी. मग काढू कुणाला?”