फेकून द्यायच्या डब्यांत निवडुंगाची रोपे

निवडुंग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बांधावरचे काटेरी कुंपण येते. ते पेरावे लागत नाही, त्याला पाणी घालावे लागत नाही, आणि गुरेही त्याच्या वाटेला जात नाहीत. अशा झाडाची रोपे घरात जपून वाढवायची, हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण तालुक्याच्या गावी एखाद्या रोपवाटिकेत डोकावून पाहा. तळहातावर मावतील अशा कुंड्यांत गोल, उभे, केसाळ, सोनेरी काट्यांचे निवडुंग मांडलेले दिसतील, आणि ते घेणारी गिऱ्हाइकेही दिसतील. शिवाय बाजारात ड्रॅगन फ्रूट म्हणून जे गुलाबी फळ येते, तेही एका चढणाऱ्या निवडुंगाचेच आहे. सांगली जिल्ह्यातल्या तडसर गावची ही फळे २०२१ साली दुबईला गेली होती.

आधी एक खुलासा. बांधावरचा त्रिधारी निवडुंग किंवा शेर तोडला की पांढरा चीक येतो. ही झाडे दिसायला तशीच असली तरी खऱ्या निवडुंगाच्या कुळातली नव्हेत. त्यांचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, म्हणून मुलांना त्यांपासून दूर ठेवावे. खरे निवडुंग मूळचे अमेरिका खंडांतले. त्यांना असा दुधासारखा चीक बहुधा नसतो आणि त्यांचे काटे लवेच्या बारीकशा गादीतून निघतात. आपल्याकडचा फड्या निवडुंग या खऱ्या कुळातला.

आता मुख्य गोष्ट. निवडुंगाला पाणी नको, ऊन हवे, हे मोठ्या झाडाला लागू आहे. नुकत्या उगवलेल्या रोपाला ते अजिबात लागू नाही. वाळवंटातसुद्धा निवडुंगाचे पिल्लू उघड्यावर क्वचितच जगते. एखाद्या झुडपाच्या सावलीत, दगडाच्या आडोशाला, जिथे ओल थोडी टिकते तिथे ते तग धरते. ते इतके लहान असते की त्याच्या पोटात पाणी साठवायला जागाच नसते. भर उन्हातला एक दिवस कोरडा गेला तरी ते संपते. म्हणून पहिले काही महिने त्याला बंद, दमट आणि उजेडाची जागा द्यावी लागते. अशी जागा घरातल्या फेकून द्यायच्या वस्तूंतून फुकट तयार होते, त्यासाठी काही विकत आणायला नको.

माझ्या मते सर्वांत उत्तम म्हणजे मिठाईचा पारदर्शक झाकणाचा डबा. खाली माती, वर झाकण, आतले दिसते आणि ओलही टिकते. तो नसेल तर पाण्याची एक लिटरची बाटली घ्या. बुडापासून चार बोटांवर ती कापा. खालच्या भागात माती भरा आणि वरचा भाग टोपीसारखा त्यावर बसवा. बाटलीचे बूच म्हणजे खिडकीच समजा. लावले की ओल आत राहते, काढले की हवा खेळते. नारळाची करवंटी, मोठी पणती, फुटक्या कानाचा कप हेही चालते. त्यावर दुधाची धुतलेली पारदर्शक पिशवी ताणून सुतळीने बांधावी. तेलाचा पत्र्याचा डबा गंजतो, पण रोपांचे वर्ष त्यात सहज निघते. प्रत्येक भांड्याच्या बुडाला तापवलेल्या खिळ्याने पाच-सहा भोके पाडायला विसरू नका.

एक डबा मात्र कधीही घेऊ नये. कीटकनाशकाची किंवा तणनाशकाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी ती घरात वापरायची वस्तू नाही. रोपे मरतील हा भाग वेगळा, पण ती हाताळणाऱ्या मुलाबाळांचे काय?

मातीचे प्रमाण सोपे आहे. दोन वाट्या धुतलेली जाड वाळू, एक वाटी चाळलेले जुने पालापाचोळ्याचे खत आणि अर्धी वाटी विटांचा चुरा. ताजे शेण नको आणि काळी चिकण मातीही नको, तिच्यात पाणी अडते. हे मिश्रण जुन्या पातेल्यात घेऊन त्यावर उकळते पाणी ओता आणि पूर्ण निवू द्या. त्याने बुरशी आणि तणाचे बी बरेचसे मरते. काम जरा कटकटीचे वाटते, पण याच पायरीवर कंटाळा केला की पुढे रोपे जातात.

बी कुठून आणायचे? शिकण्यासाठी ड्रॅगन फ्रूटसारखे दुसरे बी नाही. फळ खाताना चमचाभर गर बाजूला ठेवावा. तो पातळ फडक्यात घेऊन पाण्याखाली चोळला की तिळाहून बारीक काळे बी उरते. ते कागदावर सावलीत वाळवावे. गर नीट निघाला नाही तर त्यावरच बुरशी येते. आपल्याकडे फळे पावसाळ्यात येतात, पण झडीच्या दिवसांत पेरू नये. ऑक्टोबरच्या उबेत पेरावे, नाहीतर बी कागदाच्या पुडीत ठेवून थंडी सरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावे. फड्या निवडुंगाच्या लाल बोंडांतले बी टणक असते आणि उगवायला कधी कधी महिने घेते. त्याची बोंडे हाताने धरू नका, चिमट्याने धरा. त्यांवरची केसासारखी बारीक कुसळे कातडीत शिरली की दिवसभर चैन पडत नाही.

माती ओली करून सपाट करावी आणि बी वर पसरावे. या बियांना उगवायला उजेड लागतो, म्हणून ती पुरू नयेत. नुसत्या बोटांनी हलकेच दाबावीत. मग झाकण लावून डबा खिडकीशी किंवा ओसरीवर ठेवावा. भरपूर उजेड हवा, पण झाकणावर थेट ऊन नको, नाहीतर आत भट्टी होते. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत घोळीच्या रोपासारखी दोन जाड पाने दिसू लागतात. काटे कुठे आहेत, म्हणून कुणी ती तण समजून उपटू नये! आणखी काही दिवसांनी त्या दोन पानांच्या मधून काटेरी शेंडा डोके काढतो.

पाणी वरून ओतायचे नाही. परातीत बोटभर पाणी घेऊन डबा त्यात ठेवावा. माती खालून पाणी ओढते. वरचा थर ओलसर दिसला की डबा बाहेर काढून निथळू द्यावा. झाकणाच्या आत थेंब जमत असतील तोवर पाण्याची गरज नाही.

खरा शत्रू म्हणजे रोपे कोलमडणे. काल ताठ असलेले रोप आज मानेशी पाणचट होऊन आडवे पडते आणि शेजारी कोळिष्टकासारखी पांढरी बुरशी दिसते. तेवढा मातीचा गोळाच चमच्याने उचलून टाकावा, झाकण उघडावे आणि पृष्ठभाग सुकू द्यावा. एका रोपाला वाचवायच्या नादात सगळा डबा घालवू नये. रोपे लालसर झाली तर ऊन जास्त, फिकट आणि लांबुडकी झाली तर उजेड कमी. कोंबड्या आणि उंदीर यांच्यापासूनही जपावे. कोंबडीने एकदा डबा उकरला की दोन महिन्यांची मेहनत गेली.

सगळी रोपे स्थिरावली की बाटलीचे बूच काढावे, पुढे टोपी रोज थोडा वेळ उचलावी, आणि तीन-चार आठवड्यांत ती पूर्ण दूर करावी. घाई केली की रोपे सुकतात. बोटभर झालेली ड्रॅगन फ्रूटची रोपे चहाच्या कपात किंवा दुधाच्या पिशवीत एकेक करून लावावीत. गोल निवडुंगांना फार धीर लागतो, वर्षाने ते जेमतेम वाटाण्याएवढे होतात. पण याच धीराला किंमत आहे. मेक्सिकोतला सोनेरी काट्यांचा गोल निवडुंग १९९० च्या दशकात धरणाखाली त्याची बरीच जागा गेल्यावर रानात फारच कमी उरला. तरी आज जगभरच्या रोपवाटिकांत तो हजारोंनी दिसतो, कारण तो बियांपासून वाढवला जातो. असे बी देशातल्याच रोपवाल्याकडून घ्यावे. परदेशातून टपालाने बी मागवण्यास रीतसर परवाना लागतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ड्रॅगन फ्रूटची ही रोपे शेतात बाग म्हणून लावू नका, आणि कुणी स्वस्तात विकत दिली तरी घेऊ नका. बियांच्या रोपाला फळ यायला कित्येक वर्षे लागतात आणि फळ आईसारखे निघेलच असे नाही. खांब, ठिबक आणि खत यांवर पैसा घालायचा तर चांगल्या झाडाची खात्रीची छाटकांडीच हवी. तिला फळ लवकर येते. मग बियांच्या रोपांचा उपयोग काय? शहरात लाल किंवा पिवळ्या डोक्याचा निवडुंग विकतात. त्या डोक्यात हिरवेपणा नसतो, म्हणून ते स्वतः अन्न तयार करू शकत नाही. बहुधा ते याच कुळातल्या तीन कडांच्या हिरव्या खुंटावर बसवलेले असते. खुंटासाठी सहसा कांडी वापरतात, पण तुमचे रोप पेन्सिलीहून जाड झाले की तेही चालते. दोन्ही आडवे सपाट कापून मधली कडी कडीवर बसेल असे टेकवायचे आणि रबराने आठवडा-दीड आठवडा बांधून ठेवायचे. दोन-चार फसतील, मग हात बसेल.

उरलेल्यांतले एखादे रोप परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी लावून द्या. ते मुळे फेकत वर चढते. काही वर्षांनी कळी आली तर त्या रात्री जागे राहा, कारण ते ओंजळीएवढे पांढरे फूल अंधारात उमलते आणि सकाळचे ऊन चढेपर्यंत मिटलेले असते.